गिटारचं स्ट्रॅप बटण, फेविक्विक आणि सावंतवाडीचे काका

गिटारच्या बुडाला जिथे पट्टा अडकवतो ते बटण, माझं गेल्या गणपतीपासून हलत होतं. आधी नुसतं गोल गोल फिरायचं, मग ओढलं की स्क्रूसकट हातात यायला लागलं, आणि एकदा आरत्या संपून गाणी चालू झाल्यावर मी उभा राहून वाजवत होतो तेव्हा सुटलंच. मांडी मधे घातली म्हणून गिटार वाचली.

गिटार जिथून घेतली तिथे (नाव नको, कोकणातलं नाही ते) नेली तर त्या पोराने भोकात फेविक्विक ओतलं, स्क्रू पिळला आणि २०० रुपये घेतले. पंधरा दिवस टिकलं, वर पॉलिशवर पांढरा डाग पडला तो वेगळाच.

मग वेंगुर्ल्याहून एसटीने सावंतवाडी. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी वगैरे मिळतात ते माहितीच आहे सगळ्यांना, तिथून थोडं पुढे एक काका आहेत, दुकानाला बोर्ड नाही, लेथवर पोळपाट-लाटणी आणि खेळणी करतात. गिटार बघून पहिलं वाक्य, "झिला, लाकडाक फेविक्विक कित्याक घातलास?" म्हटलं मी नाही हो घातलं.

पण माणूस काय नीट काम करतो! तारा सैल करून मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून आधी आतला ठोकळा (बटणामागचं लाकूड, स्क्रू त्यातच रुततो) बघितला, कारण तो चिरलेला किंवा सुटलेला असेल तर बटण कितीही आवळा, उपयोग शून्य. ठोकळा ठीक होता, फक्त भोकातले आटे झिजलेले आणि आमच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेला. म्हणाले फेविक्विक ठिसूळ, झिजलेल्या लाकडाला परत पकड देत नाही. हाताच्या ड्रिलने भोक ६ मिमी करून साफ केलं आणि त्यात फणसाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली. मी विचारलं खेळण्यांचा पांगारा पडलाय की इथे ढीगभर, तर हसले, पांगारा मऊ, स्क्रू धरणार नाही. खुंटी तासताना लाकडाच्या रेषा आडव्या ठेवल्या, स्क्रू रेषांच्या दिशेने गेला तर लवकर सैल होतो म्हणे. हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं, सगळे टूथपिक कोंबा म्हणतात (तेही चालतं, पण तात्पुरतं).

"आता सुकाक होयो, परवा ये." म्हणजे परत एसटी.

दुसऱ्या खेपेला बारीक भोक पाडलं, स्क्रूपेक्षा बारीक, आधी लोखंडी स्क्रू मेण चोळून फिरवून आटे पाडले, मग तो काढून पितळी घातला, कारण पितळ मऊ, सरळ पिळलं तर डोकंच तुटतं. बटणाखाली नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती. दोन्ही खेपा मिळून १५० रुपये.

एक लक्षात घ्या, सगळ्या गिटारींना स्क्रू नसतो. काहींचं बटण निमुळत्या खुंटीसारखं नुसतं दाबून बसवलेलं असतं, ते सैल झालं तर खडू चोळून किंवा कागदाची पातळ पट्टी गुंडाळून बसतं. आणि तिथेच केबलचा जॅक असेल तर हे काही करू नका, आतला नट पकडून बाहेरचा आवळायचा असतो.

तक्रारी आहेत. काका फोन उचलत नाहीत, यूपीआय नाही, दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद. पितळी स्क्रू काळ्या बटणात थोडा विजोड दिसतो. म्हणून पाचपैकी साडेचार.

आता जुलै चालू आहे, घरात पापडसुद्धा सादळलेत, बटण जागचं हललेलं नाही. मानेच्या टाचेला (मान जिथे खोक्याला जोडलेली असते तिथे) दुसरं बटण बसवून घ्यायचंय, तर काका म्हणाले पाऊस जाऊदे, दिवाळीनंतर आण.