डेकवर आपटायचं की समुद्रात उतरायचं?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधे मार खाल्लेलं विमान घेऊन कॅरियरकडे (विमानवाहू जहाजाकडे) परतणाऱ्या अमेरिकन पायलटपुढे दोनच रस्ते असायचे, आणि मला दोन्ही विचार करूनच धडकी भरते.

डेकवर उतरलं तर माणसं मदतीला तयार, पण आग लागली की सेकंदांचा खेळ. 10 नोव्हेंबर 1943 ला एंटरप्राइझ या कॅरियरवर पायलट बायरन जॉन्सनचं हेलकॅट लढाऊ विमान आपटलं आणि पेटलं, तेव्हा कॅटपल्ट (विमान डेकवरून उडवायचं यंत्र) सांभाळणारा ऑफिसर वॉल्टर च्युनिंग पेटत्या इंधनाच्या टाकीवर पाय देऊन वर चढला आणि त्याला कॉकपिटमधून बाहेर पडायला मदत केली, जॉन्सनला फार काही लागलंही नाही! तो फोटो बघाच. पण तेव्हाचा डेक आजच्यासारखा तिरका नव्हता, सरळ होता, विमानाच्या शेपटीच्या हुकने डेकवरची आडवी वायर पकडली नाही तर पुढे तारांचा अडथळा (बॅरियर) आणि त्यामागे उभी केलेली विमानं, म्हणजे एकाच्या अपघातात बाकीच्यांचाही जीव धोक्यात.

समुद्रात आग नाही पण विमान भराभर बुडतं, म्हणून कॅनपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) आधीच उघडी ठेवायची, चाकं वर, पट्टे घट्ट, आणि थांबलं की लगेच बाहेर. 20 जून 1944 च्या रात्री, फिलिपिन समुद्राच्या लढाईत हल्ला करून अंधारात परतताना, इंधन संपून किंवा उतरताना आपटून 80 च्या आसपास विमानं गेली, कॅरियर ताफ्याचा प्रमुख अॅडमिरल मिट्शरने जहाजांचे दिवे लावायला सांगितले तरीही, पण बहुतेक माणसं विनाशिकांनी आणि सीप्लेननी वाचवली.

माझं मत विचाराल तर दिवसा, जवळ विनाशिका असेल तर समुद्र बरा. जखमी पायलटला मात्र डेकच, कारण पाण्यात स्वतःचे पट्टे स्वतःच सोडायला लागतात.