बेळगावच्या उद्यमबागचे वायरिंगवाले मामा: जुन्या सॅन स्टॉर्मची ऑटो हेडलाइट काढून घेतली, त्याचा अनुभव

गाडी सॅन स्टॉर्म. माहीत नसेल त्यांना सांगतो, ही आपल्या शेजारी गोव्यात बनलेली दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार, बॉडी सगळी फायबरची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. साठेक हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही, पण गाडी इतकी हलकी आहे की चोर्ला घाटाच्या वळणांवर जी मजा येते ती मला दुसऱ्या कुठल्या गाडीत आलेली नाही. माझी २००१ ची आहे, तीन वर्षांमागे म्हापशाच्या एकाकडून घेतली, एनओसी आणून केए-२२ (बेळगाव पासिंग) करून घेतली आणि जीव लावून सांभाळलीय.

आधीच्या मालकाने कुठल्यातरी दुकानात ऑटो हेडलाइटचं किट बसवून घेतलेलं. डॅशबोर्डवर काचेजवळ हरभऱ्याच्या डाळीएवढा सेन्सर, त्याची वायर खाली एका काळ्या डबीत, डबीतनं रिले (करंटवर चालणारा स्विच), रिलेतनं हेडलाइट. उजेड कमी झाला की लाइट लागणार, उजेड आला की विझणार. ऐकायला बरं वाटतं, पण त्या डबीला बंद करायचं बटणच नाही, गाडीचा स्वतःचा स्विच ऑफ असला तरी डबीला वाटलं की लाइट लागलीच. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालनं गेलं की चालू, झाडं संपली की बंद, आणि समोरनं येणारा प्रत्येक माणूस हाताची उघडझाप करून लाइट लाइट म्हणून सांगणार.

एवढंच असतं तर चालवून घेतलं असतं. पण चोर्ल्याच्या रस्त्याला जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागलं की दोन्ही बाजूला जंगल, रस्त्यावर ऊन सावली ऊन सावली, आणि माझी लाइट दर दोनचार सेकंदाला लागालीय विझालीय. घाटात डिपर म्हणजे बोलणं असतं हो. समोरच्याने डिपर मारला म्हणजे मी येतोय, तू थांब. आणि माझी गाडी मला न विचारता सगळ्यांना डिपर मारत सुटलेली. गेल्या श्रावणात एका चढाच्या वळणावर लोड घेतलेला ट्रक माझी लाइट बघून मध्येच थांबला, परत उचलताना हातभर मागं सरकला, आणि त्याच्या मागं बाईकवर नवरा बायको, बाईच्या मांडीवर लहान पोर. काही झालं नाही देवाच्या दयेनं, पण ते पोर अजून डोळ्यापुढनं जात नाही. त्याच दिवशी ठरवलं, हे किट काढायचं.

काढायला निघालो तर ते पण सोपं नाही. एका ठिकाणी सांगितलं पूर्ण हार्नेस (वायरिंगचा सगळा जुडगा) बदलावं लागेल, १४ हजार. दुसऱ्या ठिकाणी पोराने सरळ सेन्सरची वायर कट केली आणि म्हणाला झालं. झालं काय, लाइट कायमची चालू! चावी फिरवली की भर दुपारी बारा वाजता दोन्ही हेडलाइट पेटलेल्या. तसाच घरी आलो आणि रिलेच उपटून ठेवला, मग रात्रीची पण लाइट गेली, कारण किट बसवणाऱ्याने मूळ स्विचची लाइन पण त्याच रिलेतनं फिरवलेली.

मग एका ओळखीच्यांनी मामांकडं पाठवलं. उद्यमबागला आतल्या गल्लीत, फाउंड्रीच्या मागच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे, बोर्डावर नाव नाहीच, वर कानडीत आणि खाली मराठीत नुसतं ऑटो इलेक्ट्रिकल वर्क्स. मामा साठीच्या पुढचे, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, गिऱ्हाईकाप्रमाणे कानडी मराठी दोन्ही चालतं, माझ्या आधीच्या माणसाला नोड्री नोड्री (बघा बघा) म्हणून त्याचा अल्टरनेटर दाखवत होते आणि वळून मला म्हणाले, "काय झालंय बाळा, बस की."

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी लाइटला आधी हातच लावला नाही. चावी काढायला सांगितली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली, मध्ये मीटर लावला आणि मला बोलावून दाखवलं. गाडी बंद, चावी खिशात, तरी १८० मिलिअँपियर करंट जातोय. पन्नासच्या आत पाहिजे म्हणाले. "आठवडा उभी केलीस की बॅटरी उतरालीय ना?" मी थक्क झालो कारण मी बॅटरीचं काही बोललोच नव्हतो, आणि खरंच गेल्या पावसाळ्यात दोनदा ढकलस्टार्ट केलेली. हिशेब त्यांनीच करून दिला, दिवसाला चार अँपियर-अवरच्या वर, बॅटरी ३५ ची, मग आठवड्यानं स्टार्टर काय फिरणार. डबीला सप्लाय थेट बॅटरीवरनं दिलेला, ती दिवसरात्र जागी.

वायर कापल्यावर लाइट कायमची का लागली ते पण समजावून सांगितलं. त्या सेन्सरचा रेझिस्टन्स उजेडात कमी होतो, अंधारात वाढतो. वायर तुटली म्हणजे डबीच्या दृष्टीने मिट्ट काळोख. म्हणून कुणी नुसती वायर कापून देतो म्हणाला तर त्याच्याकडनं गाडी घेऊन निघा.

खरी गोष्ट पुढं आहे. मामांनी लाइट चालू करून मीटरचं एक टोक हेडलाइटच्या अर्थिंगला (करंट बॅटरीकडं परत न्यायची वायर) आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, १.६ व्होल्ट. म्हणजे एवढे व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत, बल्बपर्यंत पोचतच नाहीत. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थिंगची वायर असते, कुठंही स्क्रू मारला तरी भागतं. फायबरच्या बॉडीतनं करंट जात नाही, प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर चेसिसपर्यंत न्यावी लागते. किटवाल्याने रिलेची अर्थिंग एका पट्टीच्या बोल्टला मारलेली, ती पट्टी फायबरलाच चिकटवलेली, म्हणजे हवेतच. करंट मग वाट शोधत पार्किंगच्या बल्बातनं, इंडिकेटरच्या बल्बातनं परत जायचा. डावा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरच्या मीटरची लाइट बारीक लुकलुकायची, ते मी तीन वर्षं बघत होतो आणि जुन्या गाडीचं असंच असतंय म्हणून सोडून देत होतो. मामांनी बोल्टला हात लावून नुसतं विचारलं, "हे कुणी केलंय रे," आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं.

काम दोन दिवस चाललं. डबी, सेन्सर, रिले सगळं काढलं, वरनं दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा सगळ्या काढल्या, आतनं वायर हिरवी पडलेली तेवढी कापून नवीन जोड सोल्डर करून वर स्लीव्ह. लो बीमला एक आणि हाय बीमला एक असे दोन नवे रिले, प्रत्येकाला वेगळा १५ अँपियरचा फ्यूज, आणि त्यांना हुकूम फक्त गाडीच्या मूळ स्विचचा. माझ्याकडं एच-फोर बल्ब आहेत ६०/५५ वॅटचे, म्हणजे लो बीमला दोन्ही मिळून नऊ अँपियर, एवढा करंट वीस-पंचवीस वर्षांच्या स्विचमधनं न्यायचा नाही म्हणाले, स्विच वितळतो. अर्थिंगला जाड काळी वायर, थिंबल (टोकाला धातूची कडी) मारून, चेसिसचा रंग घासून चकचकीत करून बोल्ट, वर ग्रीस. परत मीटर लावला तर ०.१ व्होल्ट. तेच बल्ब, पण त्या रात्री तिसऱ्या रेल्वे गेटकडनं येताना रस्त्याच्या कडेचा दगड न् दगड दिसत होता, घरी आल्यावर बायकोला खाली बोलावून भिंतीवर पडलेली लाइट दाखवली.

मित्राने डोकं खाल्लं की ऑटो लाइट काढणं बेकायदा आहे. तसं नाही. एप्रिल २०१७ पासून लाइट कायम चालू राहायचा नियम आहे तो नव्या दुचाकींना, कारला नाही, आणि हे तर बाहेरनं बसवलेलं किट होतं, काढल्यावर गाडी मूळ वायरिंगसारखी झाली. पुढं आरसी रिन्यूअलला फिटनेस आहे, तिथं हेडलाइट बघतात, त्याची काळजी पण मिटली.

आणखी एक, मामा सगळ्यांचं ऐकत नाहीत. मी होतो तेव्हाच एकजण नवी गाडी घेऊन आला, कंपनीची ऑटो लाइट कायमची काढून पाहिजे म्हणून. सरळ नाही म्हणाले. "त्यात कॉम्प्युटर आहे, वायर कापली तर एरर येतंय, नॉब ऑटोवरनं काढून ठेव की झालं." पैसे येत होते, घेतले नाहीत.

खर्च १,८५०, त्यात मजुरी १,२००. बिल मिळत नाही, कागदावर लिहून देतात. तक्रार म्हणाल तर एकच दिवसाचं सांगून दोन दिवस घेतले, बसायला एक बाकडं आहे आणि त्यावर बॅटऱ्या, आणि फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीत. डॅशबोर्डवर सेन्सरचं भोक राहिलं त्यात रबरी ग्रोमेट घातलंय, उन्हात बघितलं की दिसतं, मला ते टोचतंय पण फायबर भरून रंग मारणं त्यांचं काम नाही.

जायचं तर सकाळी दहाच्या आत जावा, दोन ते चार जेवण आणि झोप. खानापूर रोडनं येताना गल्ली लगेच सापडत नाही, फाउंड्रीच्या भिंतीला लागून डावीकडं वळायचं, आणि जुनं वायरिंग कुणी कुठं कापलंय ते आठवत असेल तेवढं आधीच सांगा, त्यांचा अर्धा दिवस वाचतोय.