हायब्रिड ओठांचं मॅगझिन: कानस न लावता सुटलेला प्रश्न

माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. कुठं काही अडलं की हात आपोआप कानशीकडे जातो. या वेळी तो आवरला म्हणून पिस्तुलाच्या एका मॅगझिनचा (गोळ्यांच्या पेटीचा) हा रिव्ह्यू लिहितोय, नाहीतर नवीन फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा सांगाडाच, शोधत बसलो असतो.

पिस्तूल १९११ मॉडेलचं, तेही जुन्या लष्करी घडणीचं. बारीक साइट, आखूड सेफ्टी, काडतूस .४५ एसीपी, सात गोळ्यांचं मॅगझिन. बॉल, म्हणजे २३० ग्रेन वजनाची, गोल टोकाची पूर्ण जॅकेटवाली गोळी घातली की शिलाई मशीनसारखं चालतं. पहिल्या दीडशे गोळ्यांत एकदाही कुरकुर नाही. मग हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची गोळी भरली, आणि तिसऱ्याच गोळीला स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यात थांबली.

"काका, रॅम्पला पॉलिश मारून टाका ना," पुतण्या म्हणाला. रॅम्प म्हणजे मॅगझिनमधून सुटलेलं काडतूस ज्यावरून नळीत चढतं तो उतार. रेंजवर ज्याला विचारावं तो हेच सांगतो. मी म्हटलं, आधी बघू तरी नेमकं कुठं अडतंय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं व्हायला नको.

या पिस्तुलाचा रचनाकार जॉन ब्राउनिंग, त्यानं ते बसवलं गोल टोकाच्या गोळीवर. सैन्याला दुसरी लागतच नव्हती. टोक पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं बंदी घातली होती. अमेरिकेनं त्यावर सही केली नव्हती, पण तिच्या सैन्यानं गोळी बॉलच ठेवली. त्या पसरणाऱ्या गोळीला जगभर 'दमदम' म्हणतात, ते कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. थोडक्यात, माझ्या पिस्तुलाच्या रॅम्पला बोथट, पोकळ तोंडाची ओळखच नव्हती.

व्हर्निअर लावला. बॉलचं काडतूस ३२ मिलिमीटरच्या थोडं वर, माझं हॉलो पॉइंट ३०.७. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तेवढ्यानं गोळीचं नाक रॅम्पवर टेकायची वेळही बदलते आणि जागाही. त्यात ते नाक गोल नाही, कडा असलेलं. बॉल घसरत वर चढते. ही तोंडानं रॅम्पला भिडते आणि तिथंच बसते. अडकलेल्या गोळ्या काढून भिंगाखाली धरल्या तर तोंडाच्या खालच्या कडेवर चंद्रकोरीएवढा चकचकीत ओरखडा, प्रत्येकीवर त्याच जागी. म्हणजे नाक खालीच अडत होतं. चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, छताला लागून काडतूस तिरकं जाम होतं तो आजार वेगळा, आणि स्लाइड दोनतीन मिलिमीटर उघडी राहते तो आणखी वेगळा. तिन्हींना 'जॅम' म्हणून मोकळं व्हायचं, मग औषध कसं लागणार?

मग दोन्ही मॅगझिनच्या बुडांवर मार्करनं नंबर टाकले. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. नोंदी केल्या तर सातपैकी पाच अडथळे दोन नंबरचे निघाले. ओठांमधली, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळवलेल्या कडांमधली, फट मोजली: डावा ओठ उजव्यापेक्षा पाव मिलिमीटर आत दबलेला, आणि स्प्रिंगही एक नंबरच्यापेक्षा मऊ. पिस्तुलासोबत आलेलं मॅगझिन हे. पत्रा इतका बोटचेपा की जमिनीवर पडलं तरी ओठ हलतील. त्याला आता भंगाराचा डबा.

एक नंबर सरळ होतं, तरी दोनदा अडलंच. त्याचे ओठ जुन्या लष्करी पद्धतीचे: फट पुढे हळूहळू रुंदावत जाते आणि काडतूस उशिरा सुटतं. लांब बॉलला ते छान मानवतं. याच्या दुसऱ्या टोकाला वॅडकटरचे, म्हणजे निशाणेबाजीच्या सपाट टोकाच्या गोळीसाठीचे, ओठ. ते समांतर असतात आणि काडतूस लवकर, एका झटक्यात सोडतात. हायब्रिड म्हणजे या दोघांचं लेकरू. थोडी निमुळती फट, पण सुटण्याची जागा आधीची. मी सात गोळ्यांचं हायब्रिडच मागवलं. आठवाली मोहात पाडतात, पण त्याच उंचीत आठवी कोंबायची म्हणजे स्प्रिंग किंवा फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारी, स्प्रिंगवरची ताटली), कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसणारच.

आता मॅगझिनबद्दल. हातात घेतल्यावर पत्र्याची जाडी जाणवते. वेल्डची शिवण आतून बोट फिरवलं तरी लागत नाही. फॉलोअर धातूचा, त्यावर मधोमध तो छोटा उंचवटा आहे. शेवटचं काडतूस धक्क्यानं आपणहून पुढे सरकू नये म्हणून. काही स्वस्त मॅगझिनांत हा उंचवटाच गाळलेला असतो आणि मग शेवटच्याच गोळीला का अडतं हे कोडं सुटत नाही. स्प्रिंग कडक आहे, इतकी की सातवी गोळी भरताना अंगठा दुखतो. बुडाची पट्टी पहिल्यांदा काढताना मात्र नखाचा बळी गेला. त्या खाचेला थोडी सवड द्यायला हवी होती.

नवं मॅगझिन लावण्याआधी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच (पुंगळी) बाहेर ओढणारा आकडा, तपासला, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं तेच कळलं नसतं. पिस्तूल रिकामं, स्लाइड उतरवलेली, नळी बाहेर. दारू आणि प्रायमर नसलेलं डमी काडतूस आकड्याखाली सरकवलं आणि स्लाइड हलकेच हलवली. पडलं नाही, आणि बोटानं ढकलायला जोरही लागला नाही. असंच हवं. ताण जास्त असेल तर काडतुसाची कड आकड्याखाली चढताना अडखळते आणि शिव्या बिचाऱ्या रॅम्पला बसतात.

चाचणी दोन रविवार चालली. नव्या मॅगझिनमधून तीसदा सात, म्हणजे २१० हॉलो पॉइंट. एकदाही अडली नाही. मुद्दाम एका हातानं, सैल मनगटानंही झाडून पाहिल्या. पुतण्या गप्प होता, आणि ते मला जरा जास्तच आवडलं.

पण सगळं गोड नाही. दुसऱ्या एका जातीची, चौड्या तोंडाची २०० ग्रेनची गोळी घातली तर याच मॅगझिनमधून सत्तरात दोनदा अडली. जुने नेमबाज अशा एका गोळीला 'उडता ॲशट्रे' म्हणायचे, ते उगाच नव्हे. ज्यांचं तोंड लहान आणि खांद्याचा बाक बॉलसारखा आहे त्या गोळ्या घ्या, म्हणजे अर्धं काम तिथंच होतं. हॉर्नाडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स या गोळीच्या टोकात लाल पॉलिमरचं बूच असतं. ते मुळात पोकळीत कापड भरू नये म्हणून, पण माझ्या पिस्तुलात तिची पन्नासही बिनतक्रार गेली.

आता रॅम्प. फ्रेमचा रॅम्प आणि नळीचं तोंड या दोघांत १९११ मध्ये साधारण ०.८ मिलिमीटरची पायरी असावी लागते. पॉलिश मारता मारता ती गेली किंवा रॅम्पचा कोन बदलला, तर घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. नळीचं तोंड जास्त खोदलं तर काडतुसाच्या बुडाला खालून आधार राहत नाही आणि तिथं पुंगळी फुगते, फाटूही शकते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर हात लावूच नका. वरचा कडक थर निघाला की खाली लोणी आहे. हे काम ज्याच्याकडे मापं आणि गेज आहेत अशा बंदूक-कारागिराचं. तीस वर्षं कानस चालवूनही मी हे म्हणतोय.

एक गोष्ट मला उशिरा कळली. चाचणीच्या नादात एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवत होतो. पाच-सहा वेळा झाल्यावर मोजलं तर ३०.७ चं ३०.२ झालेलं. गोळी पुंगळीत आत दबत होती, आणि दबलेल्या गोळीनं दाब वाढतो. ते काडतूस बाजूला काढलं. आता हातानं स्लाइड ओढून तपासायचं असेल तर डमीच वापरतो.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या बुडाच्या पट्टीसाठी कापलाय. आणखी दोन मागवलीत, त्यांच्यावर नंबर आधीच ठरलेत: चार आणि पाच.