बचत गटाचं गांडूळ खत, खाणीच्या मातीत वापरून बघितलं

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, आणि घराच्या वरच्या अंगाला जुनी लोखंडाची खाण. पावसात तिथला तांबडा गाळ वाहत येऊन परसात आणि खालच्या दोन कुणग्यांत (भाताच्या छोट्या शेतांत) बसतो, सुकला की वर कडक पापुद्रा धरतो, माठ पेरला तर कोंब वर येता येताच मान टाकतो. तीन वर्षं भाजी अशीच गेली. म्हणून दिवाळीनंतर गावातल्याच बचत गटाकडनं गांडूळ खताच्या ४० किलोच्या ६ गोण्या आणल्या, बऱ्याच जणी विचारतायत म्हणून लिहितेय.

परसात रिझल्ट खरंच छान. वीतभर खोल मिसळलं, शेजारचा एक वाफा मुद्दाम बिनखताचा ठेवला. खताच्या वाफ्यात माती भुसभुशीत झाली, पाणी मुरायला लागलं आणि लाल माठ महिन्याभरात कापायला आला, बिनखताचा मात्र चार बोटं वाढून पिवळा पडला. आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, आणि आंबट मातीत मँगनीज, जस्त, कॅडमियम जास्त विरघळतात, मुळं ते ओढून घेतात. नीट कुजलेल्या खतातलं ह्युमस (पूर्ण कुजून उरलेला काळा भाग) हे धातू धरून ठेवतं, आंबटपणाही थोडा उतरतो. पण धातू कुठे जात नाही हो, मातीतच राहतो! गोणीवर ‘माती शुद्ध करते’ असं छापलंय ते मला पटलं नाही, ते काढायला हवं. खत कुजून संपतं म्हणून दरवर्षी घालावं लागणार. आणि मातीत आर्सेनिक असेल तिथे तर खतातल्या स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) ते उलट सुटं होऊ शकतं, तिथे विचारल्याशिवाय घालू नका.

आता तक्रार. दोन गोण्या कच्च्या निघाल्या. हात घातला तर आत गरम, शेणाचा वास तसाच, पातेऱ्याचे (वाळक्या पाल्याचे) तुकडे दिसतायत. सासूबाई बघून म्हणाल्या, “ह्यां खत अजून कच्चां आसा, कुणग्यात घालू नको.” ऐकलं नाही, वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या) भातात घातलं. साचलेल्या पाण्यात कच्चा पाला कुजायला लागला की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि लोखंड आणखीनच विरघळतं, ते आमच्याकडे झालं, खालच्या पानांवर टोकापासनं तपकिरी ठिपके आले, रोपं खुंटली. पाणी काढून शेत सुकवलं तेव्हा कुठे थोडं सावरलं. गटातल्या बायकांनी मात्र वाद न घालता गोण्या बदलून दिल्या, त्याबद्दल मनापासून आभार.

घेताना टेस्ट रिपोर्ट मागाच. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे गांडूळ खतात किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आमच्या गटाकडे रिपोर्ट नव्हता, म्हणाले करून घेतो. माती पण तपासा, फक्त सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर अवलंबून राहू नका, त्यात लोह-जस्त असतं पण शिसं-कॅडमियम नसतं, ते लॅबला वेगळं सांगावं लागतं. आमचा तो रिपोर्ट अजून यायचाय, तोपर्यंत माठ-मुळा खायचं थांबवलंय, कारण पानांत आणि मुळांत हे धातू जास्त उतरतात. सध्या भेंडी, चवळी, दोडकी, आणि तीही चांगली धुऊन.

यंदासाठी ४ गोण्या सांगून ठेवल्यात, फक्त परसाला, आणि या वेळी प्रत्येक गोणी उघडून हात घालून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.