सेकंडहँड १५०-६०० लेन्स घेताना मी कसा फसलो

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलं की ३०० मिमीची लेन्स अपुरी पडते, हे लवकरच कळतं. खंड्या फांदीवर बसलेला असतो, दोन पावलं पुढे टाकली की भुर्रकन उडून जातो. नवी १५०-६०० (१५० ते ६०० मिमीपर्यंत झूम होणारी; मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) परवडत नव्हती, म्हणून वापरलेली शोधत होतो. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'फार कमी वापर, नव्यासारखी'. सोबत खंड्याचा फोटो होता, मानेवरचं पीस न् पीस वेगळं दिसणारा. तो फोटो बघूनच माझं ठरलं.

विकणाऱ्याने संध्याकाळी घरी बोलावलं. लेन्स त्याच्याच कॅमेऱ्याला लावून ठेवली होती. कपाटातल्या पुस्तकांचे चार फोटो काढून त्याने मागच्या स्क्रीनवर दाखवले, चांगले दिसले. सगळे १५० वरचे. ६०० वर काढून बघू म्हटलं, तर म्हणाला, "खोली लहान आहे हो, इथे फोकस होणार नाही." ते खरंही होतं, ६०० वर या लेन्सना साधारण अडीच-पावणेतीन मीटर अंतर लागतंच. पण बाहेर अंगणात जाऊया, असं मी म्हणायला हवं होतं. बिलाचा फोटो मोबाइलवर दाखवला, त्यात सिरीयल नंबरवर नेमका अंगठा. मूळ बिल दोन दिवसांत पाठवतो म्हणाला. मी रोख पैसे दिले, पावती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आकाशात घार दिसली. ६०० वर फोटो काढले, सगळे धुरकट. काळा रंग काळा येत नव्हता, आणि फ्रेमची डावी बाजू पुसल्यासारखी. आधी वाटलं, माझाच हात हलतोय. शटर १/२००० सेकंद केला, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येणारं लेन्सचं छिद्र) ६.३ वरून ८ वर आणलं, म्हणजे लहान केलं, ट्रायपॉड लावला. आठ दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण नवशिक्या माणूस लेन्सवर शंका घ्यायला घाबरतो, आणि तेवढ्यात विकणारा लांब निघून जातो.

शेवटी एका रात्री दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च तिरका धरला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचं कोटिंग, म्हणजे पातळ लेप, खातं. धागे पुसता येतात, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. शिवाय स्क्रूंची डोकी झिजलेली होती, म्हणजे लेन्स आधीच कुणीतरी उघडली होती. आतल्या काचा परत बसवताना जागेवर बसल्याच नाहीत, डावी बाजू त्यामुळेच अस्पष्ट. पुढची काच मात्र आरशासारखी चकचकीत. मी तीच बघून खूश झालो होतो.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

तुम्ही अशी लेन्स बघायला जाणार असाल तर दिवसा, उघड्यावर भेटा, आणि स्वतःचा कॅमेरा व कार्ड न्या. ६०० वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, लांबच्या विटांच्या भिंतीचा फोटो घ्या आणि चारही कोपरे लॅपटॉपवर मोठे करून बघा. शटर बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर व्हायला हवं, नाहीतर स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) गेलेलं असू शकतं. जवळच्या झाडावरून लांबच्या खांबावर फोकस नेऊन आणा, मोटर अडखळते का ते कळेल. टॉर्च तर खिशात हवाच. आत धुळीचे दोन-चार कण असले तर घाबरू नका, त्यांनी फोटोत फरक पडत नाही. धागे किंवा धुकं दिसलं तर मात्र लेन्स तिथेच ठेवा. बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी स्वतः जुळवा.

नमुन्याच्या फोटोची मूळ फाइलही मागा. कोणती लेन्स, किती मिमी, हे सहसा त्यात नोंदलेलं असतं. मी हे केलं असतं तर त्या खंड्याच्या फोटोत ही माहितीच नाही, हे तेव्हाच कळलं असतं. गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. लेन्स वेगळी, खंड्या तोच. मी तक्रार केली आहे, पण हे लिहीपर्यंत ती जाहिरात तशीच होती.