इंटिग्रेटिव्ह थेरपी : वर्ष होत आल्यावरचा माझा अनुभव

गेलं वर्षभर मी ठाण्यातल्या एका थेरपिस्टकडे जातेय. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्यातून एकदा आणि आता महिन्यातून एकदा. त्यांच्या पाटीवर ‘इंटिग्रेटिव्ह’ असा शब्द होता, म्हणजे एकाच पद्धतीला चिकटून न राहता गरजेप्रमाणे इतर पद्धतींतलंही घेऊन काम करणं. त्याचा अर्थ शोधायला गेले तेव्हा इंग्रजीत ढीगभर सापडलं, पण त्या खोलीत बसल्यावर आपल्याशी नेमकं काय केलं जातं, हे मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हे लिहितेय.

माझी अडचण आधी थोडक्यात सांगते. मी डोंबिवलीला राहते आणि घाटकोपरला एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर दीड वर्ष ते अंथरुणावर होते आणि मग गेले. ते गेल्यावर काही महिन्यांनी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मला पहिला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका, आला. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या येत होत्या, श्वास पुरत नव्हता आणि आपण आत्ता इथेच मरणार याची खात्री वाटत होती. माझी ती गाडी डोंबिवलीनंतर थेट ठाण्याला थांबते, त्यामुळे मधे उतरायची सोय नाही. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल निघालं. मी फास्ट गाडी सोडली, मग गर्दीच्या वेळची स्लो सोडली, आणि शेवटी घरून काम मिळावं म्हणून अर्ज करायच्या बेताला आले.

थेरपिस्टकडे पहिले दोन-तीन तास फक्त माहिती घेण्यात गेले. मला तेव्हा घाई होती, पण आज वाटतं की सगळ्यात मोलाचं काम तिथेच झालं. त्यांनी आधी माझे रिपोर्ट पाहिले. औषधांची गरज आहे का हे ठरवायला एकदा सायकिअॅट्रिस्टना भेटायला सांगितलं, कारण त्या स्वतः औषधं देत नाहीत आणि त्यांना ‘डॉक्टर’ म्हटलेलंही त्यांना चालत नाही. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला तुम्ही म्हणतात. मग दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. पीएचक्यू-९ नैराश्यासाठी, शून्य ते २७ गुणांची. जीएडी-७ चिंतेसाठी, शून्य ते २१ गुणांची. यांचं मराठी जरा पुस्तकी आहे. एक-दोन वाक्यं मला पुन्हा विचारून घ्यावी लागली.

मग एका कागदावर सात रकाने आले : वर्तन, भावना, शरीरातल्या संवेदना, मनात उमटणारी चित्रं, विचार, नाती, आणि शेवटच्या रकान्यात झोप, खाणं, चहा, गोळ्या. ही मांडणी मानसशास्त्रज्ञ आर्नल्ड लाझरस यांची. वेगवेगळ्या पद्धतींतली तंत्रं एकाच माणसासाठी वापरायला हरकत नाही, असं त्यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं. माझ्या कागदावर ‘वर्तन’ रकाना लगेच भरला : गाडी टाळणं, डब्याच्या दाराजवळच उभं राहणं, पर्समध्ये कायम पाण्याची बाटली. ‘चित्रं’ या रकान्यात मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं : बाबांचा वाकडा झालेला ओठ. मॅडमनी तो शब्द वाचला, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, “याकडे आपण येऊ. आज नाही.”

त्याच दिवशी त्यांनी घरातल्या तीन पिढ्यांचा तक्ता काढला, वंशावळीसारखा, पण त्यात कोण कुणाच्या जवळ आणि कोण कुणापासून तुटलेलं हेही दाखवतात. त्यांनी विचारलं, “घरात कुणी आजारी पडलं की रजा कोण टाकतं?” आजी, आई, मी. तीनही वेळा उत्तर एकाच बाजूला गेलं. दादा बंगळूरला असतो, पैसे पाठवतो, फोन करतो, आणि त्याने वाईट असं काही केलेलं नाही. तरीही त्या तक्त्याकडे बघताना माझे हात थरथरले.

मी स्पष्टच विचारलं की एवढ्या पद्धती आहेत तर तुमची नक्की कोणती. त्यांचं उत्तर मला फार पटलं. त्यांची मूळ बैठक सीबीटीची आहे, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, जी अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केली. त्या बैठकीवर राहूनच त्या इतर ठिकाणचं घेतात, आणि घेण्याआधी ते का घेतोय हे सांगतात. मुंबई-पुण्याकडे या घराण्यातली आणखी एक पद्धत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणाऱ्या अविवेकी समजुती तपासून बदलण्याची, जी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. माझ्या आईच्या पिढीतल्या काही शिक्षिकांना एलिस हे नाव फडक्यांमुळेच ठाऊक आहे.

पहिला टप्पा पॅनिकचा होता आणि तो अगदी सरळ सीबीटीचा होता. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं पॅनिकचं चक्र मॅडमनी माझ्याच शब्दांत फळ्यावर काढलं. छाती धडधडते, ‘हार्ट अटॅक’ असा अर्थ मी लावते, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. चक्र तोडायचं ते अर्थापाशी. त्यासाठी नुसतं बोलून भागत नाही. त्यांनी मला खोलीत मिनिटभर जागच्या जागी पळायला लावलं, फिरत्या खुर्चीत गोल फिरवलं, पातळ स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. गाडीत जे होतं तेच सगळं माझ्या शरीरात झालं, आणि मी मेले नाही. हे वाचायला सोपं वाटतं. तिथे बसून करणं सोपं नव्हतं, पण डोक्याने शंभरदा समजावूनही जे पटलं नव्हतं ते शरीराला तेव्हा पटलं. (कुणाला दमा, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असेल तर हे व्यायाम घरी करून पाहू नयेत. माझे रिपोर्ट आधी मागितले त्याचं एक कारण हेच होतं.)

मग पायऱ्या ठरल्या. आधी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायचं, दोन गाड्या जाऊ द्यायच्या. मग दुपारच्या स्लो गाडीने कोपरपर्यंत. मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. प्रत्येक पायरीवर भीती किती हे शून्य ते शंभरमध्ये लिहायचं, आणि ती निम्मी होईपर्यंत उतरायचं नाही. पाण्याची बाटली घरी ठेवायची, हे मला सगळ्यात जड गेलं. लेडीज डब्यात रोजच्या बायका असतात, त्यांतल्या एकीला मी खरं काय ते सांगितलं. तिने कसलाही सल्ला न देता मला खिडकीऐवजी मधे उभं राहायला जागा करून दिली. सकाळची फास्ट शेवटची पायरी होती. आता मी तीच पकडते. कधीकधी मुंग्या येतात. मी त्यांना येऊ देते.

इथे अनेक जण थेरपी थांबवतात, आणि माझंही तेच चाललं होतं. जीएडीचे गुण खाली आले होते. पण रात्री तीनला जाग येणं थांबलं नव्हतं, आणि मॅडमनी पेन्सिलीने गोल केलेला तो शब्द अजून तसाच होता. एकाच पद्धतीने काम करणाऱ्या माणसाने कदाचित इथे ‘उद्दिष्ट पूर्ण’ म्हटलं असतं. त्यांनी म्हटलं, “थांबायचं असेल तर आपण नीट थांबू. पण बाबांबद्दल बोलायचं असेल तर त्यासाठी आजवरची पद्धत पुरणार नाही, वेगळं करावं लागेल.” निर्णय माझ्यावर सोडला. मी सुरू ठेवलं.

पुढे जे झालं ते मला सविस्तर सांगायचंय, कारण याच भागामुळे मी त्यांच्यावर विश्वास ठेवू लागले. एका तासाला त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. हे तंत्र मोरेनोंच्या सायकोड्रामातून, म्हणजे मनातला प्रसंग नाटकासारखा उभा करण्याच्या पद्धतीतून, आलं आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट या उपचारपद्धतीमुळे गाजलं. त्या म्हणाल्या, “बाबा इथे बसलेत असं समजा. काय सांगावंसं वाटतं?” मी आतून गोठले. शाळेत भाषण करावं तशी दोन-चार नम्र वाक्यं बोलले आणि गप्प झाले.

प्रत्येक तासाच्या शेवटी त्या एक चिठ्ठी देतात. त्यावर दहा सेंटिमीटरच्या चार रेषा असतात : आज तुमचं ऐकलं गेलं का, हवं त्यावर बोलणं झालं का, पद्धत रुचली का, एकूण तास कसा वाटला. रेषेवर खूण करायची, उजवीकडे चांगलं, डावीकडे वाईट. आपल्याकडे डॉक्टर-मास्तरांना तोंडावर नावं ठेवायची रीत नाही, त्यामुळे आधीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर माझ्या खुणा उजव्या टोकाला होत्या. त्या दिवशी तिसऱ्या रेषेवर माझी खूण डावीकडे गेली. पुढची वेळ मी रद्द केली.

त्यानंतरच्या भेटीत त्यांनी सुरुवातच तिथून केली. म्हणाल्या, “मागच्या वेळी मी घाई केली. खुर्ची ठेवण्याआधी तुमची तयारी आहे का हे विचारायला हवं होतं. तुम्हाला ते कसं वाटलं?” मी आधी ‘नाही नाही, ठीक होतं’ म्हटलं. त्या थांबून राहिल्या. मग मी सांगितलं की मला तिथे परीक्षा दिल्यासारखं वाटलं, आणि बाबांसमोर मी नेहमीच परीक्षा देत आले. हे वाक्य त्या आधी माझ्या डोक्यात कधीही आलेलं नव्हतं. चांगल्या खुर्चीपेक्षा फसलेल्या खुर्चीने मला जास्त दिलं, आणि ते त्यांनी चूक आपल्याकडे घेतली म्हणून.

१९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि समोरचा माणूस यांच्यातल्या कामाच्या नात्याचे तीन भाग सांगितले : कुठे जायचं यावर एकमत, कसं जायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलचा विश्वास. आमचं त्या दिवशी ‘कसं’वर बिनसलं होतं. ते दुरुस्त झालं तेव्हाच तिसरा भाग घट्ट झाला.

खुर्ची बाजूला गेली. त्याऐवजी बाबांना पत्र लिहायचं ठरलं, घरी, कुणालाही न दाखवता. मी लिहिलं. डायपर बदलताना ते तोंड फिरवायचे ते लिहिलं. दादाचा फोन आला की त्यांचा चेहरा उजळायचा आणि मी दिवसभर शेजारी असून तसा उजळायचा नाही, हेही लिहिलं. ते गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, “सुटले बिचारे.” मीही सुटले, हे मात्र मला कुणाजवळ म्हणता येत नव्हतं. ते पत्रात लिहिलं आणि मग त्या खोलीत मोठ्याने वाचलं. मॅडमनी त्यावर कोणतंही तंत्र लावलं नाही. एवढंच म्हणाल्या की दीर्घ आजारात सेवा करणाऱ्या माणसाला सुटका आणि दुःख दोन्ही एकदम वाटू शकतं, आणि त्यातल्या एकाने दुसरं खोटं ठरत नाही. काही आठवड्यांनी मीच खुर्ची मागितली. तेव्हा बोलता आलं.

सुटल्याचा अपराधी भाव आणि ‘आता मी मरणार’ ही गाडीतली खात्री, यांचा संबंध आहे का? मी विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही. “तुम्हाला जोडावंसं वाटलं तर जोडा, मी जोडून देणार नाही,” असं म्हणाल्या. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

आता उणिवा. मधल्या काळात दोन-तीन तास नुसते ऑफिसच्या कुरबुरींवर गेले. अनेक पद्धती हाताशी असल्या की तास सैल पडायचा धोका असतो, आणि मला स्वतःहून “आपण कुठे चाललोय?” असं विचारावं लागलं. विचारल्यावर त्यांनी लगेच पुन्हा उद्दिष्टं लिहून काढली, पण हा आढावा ठरावीक काळाने आपसूक व्हायला हवा. दुसरं म्हणजे खर्च. तासाला दीड हजार रुपये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं अशी तरतूद आहे. पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे सगळे पैसे खिशातून गेले. पंधरवड्यावर येण्यामागे थोडं हेही कारण होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं.

आणि ही पद्धत प्रत्येक त्रासाला योग्य असेल असं मी म्हणणार नाही. ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा त्रास) असेल तर त्यासाठीचं खास एक्स्पोजरचं, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचं, काम नीट शिकलेला माणूस हवा. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) करणार असतील तर त्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, हे विचारायलाच हवं. ‘इंटिग्रेटिव्ह’ या शब्दाआड कुठलीच पद्धत धड न शिकलेले लोकही बसलेले असू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. तो क्रमांक मागायला संकोच करू नका.

परवडत नसेल किंवा रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायची गरज असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ती २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली.

नव्या थेरपिस्टला पहिल्या फोनवर मी आज एकच प्रश्न विचारेन : तुमची मूळ पद्धत कोणती, आणि ती माझ्यासाठी पुरत नाहीये हे तुम्हाला कशावरून कळेल? पहिल्या अर्ध्याला नेमकं नाव मिळालं, आणि दुसऱ्या अर्ध्याला प्रश्नावल्या, चिठ्ठ्या, ठरलेला आढावा, ‘तुम्हालाच विचारेन’ असं काहीही ठोस मिळालं, तर मी वेळ घेईन. “सगळंच करते” एवढंच उत्तर आलं तर नाही घेणार.