बंड न्याय्य की अन्याय्य? इथे उत्तर नाही, तरी हा नियमसंग्रह उघडाच

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचा रूढीजन्य मानवतावादी कायद्याचा, म्हणजे देशांच्या वागण्यातून रूढ झालेल्या युद्धनियमांचा, ऑनलाइन संग्रह मोफत आहे. 2005 साली ग्रंथरूपाने निघालेल्या अभ्यासावर तो उभा आहे आणि त्यात 161 नियम आहेत. यादवी युद्धावर लिहिणारे अनेक जण इथे येतात ते बंड कधी योग्य ठरतं हे शोधायला, आणि हात हलवत परततात.

दोष संग्रहाचा नाही. शस्त्र उचलावं का, हा एक प्रश्न. उचलल्यावर ते कसं वापरावं, हा वेगळा. इथे फक्त दुसऱ्याचं उत्तर आहे. 1949 च्या जिनिव्हा करारांतलं समाईक कलम 3 यादवीत किमान काय पाळायचं ते सांगतं आणि शेवटी बजावतं, की यामुळे कुठल्याही पक्षाच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही. म्हणजे मौन जाणूनबुजून पाळलेलं आहे. पहिल्या प्रश्नासाठी न्याय्य युद्धाच्या जुन्या कसोट्यांकडे जावं लागतं: कारण, अधिकार, अखेरचा उपाय, यशाची शक्यता, हानीचं प्रमाण. यादवीत गाडी अधिकारावर अडते, कारण ज्या सरकारविरुद्ध उठायचं, युद्ध पुकारण्याचा अधिकार सहसा त्याच सरकारच्या हाती असतो.

वापरताना आधी पाहा, की ज्याबद्दल लिहिताय तो सशस्त्र संघर्ष आहे का. दंगली आणि तुरळक हिंसाचार यात बसत नाहीत. गट संघटित हवा आणि हिंसा प्रदीर्घ हवी, असं युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 1995 मध्ये तादिच खटल्यात म्हटलं. मग नियमाखालचा सारांश वाचा. नियम यादवीलाही लागू आहे का, ते तिथेच लिहिलेलं असतं. पर्यावरणाच्या गंभीर हानीवरच्या नियम 45 मध्ये यादवीसाठी 'बहुधा' अशी सावध भाषा आहे. ती गाळून ठाम विधान ठोकणं ही नेहमीची चूक.

नैतिकतेच्या चर्चेला खरा माल नियम 140, 148 आणि 159 मध्ये आहे. समोरचा नियम पाळत नाही म्हणून आपणही सुटलो, हे 140 नाकारतो. 148 यादवीतल्या पक्षांना नियम मोडून बदला घेण्याचा अधिकार देत नाही. 'आमचं कारण न्याय्य, मग साधनं कुठलीही' या युक्तिवादाला इथे थारा नाही. गोची मात्र पुढे आहे. बंडखोराने सगळे नियम पाळले तरी युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही. देशाच्या कायद्याखाली देशद्रोहाचा खटला भरता येतो. मग त्याने नियम पाळावेत कशासाठी? यावरचा अर्धामुर्धा तोडगा म्हणजे 159: लढाई संपल्यावर सत्ताधाऱ्यांनी शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करावा, युद्धगुन्ह्यांचे आरोपी वगळून. 'प्रयत्न करावा' एवढंच, हे विसरू नका.

देशोदेशीच्या व्यवहाराच्या, म्हणजे युद्धात देश कसे वागले आणि कसं वागायचं म्हणाले त्याच्या, नोंदी हे संग्रहाचं बलस्थान आणि दुखणंही. सैन्याच्या नियमपुस्तिकांना त्यात बरंच वजन आहे. पुस्तिकेत लिहिलेलं आणि रणांगणावर घडलेलं यांत अंतर असतं. अमेरिकेने 2006 मध्ये अभ्यासाच्या पद्धतीवर घेतलेल्या हरकतीत हा मुद्दा होता आणि तो अगदीच पोकळ नाही. म्हणून नियमाचा हवाला देताना खालच्या नोंदींत प्रत्यक्ष वर्तन किती आणि कागद किती, ते मोजून पाहा.